तिसऱ्या रांगेची खिडकी

वारूळवाडी, मंगळवार

यमाजी, माझ्या जुन्या दोस्ता,

तुला सलाम, म्हाळसाबाई वहिनींना जरा जास्त वाकून सलाम, आणि तुझ्या मेंढरांना (किती उरलीत आता? मागे चौदा होती) जसं जमेल तसं. तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळं बरं आहे. ताजबीची साखर उतरली, म्हणजे असं ती म्हणते. रिपोर्ट तिने गादीखाली सारलाय आणि मला ती गादी उचलू देत नाही. तू म्हणशील, खिशात फोन असताना याला कागद-पेनाची काय अवदसा आठवली. तर बाबा, चार दिवस मी तुला फोन लावतोय. दोन रिंगा होतात आणि कट. तुझा अंगठा इतका चपळ नाही हे मला शाळेपासून ठाऊक आहे, म्हणजे फोन वहिनींकडे आहे. पत्र मात्र पोस्टमन अवसरीच्या पारावर तुझ्याच हातात देईल. मागच्या गुरुवारी जे झालं त्यात माझा काडीचाही दोष नाही, एवढं एकदा शांतपणे तुला सांगावं म्हणून हा खटाटोप.

माझी इफरा पुण्याला गाड्यांचं डिझाइन शिकते, हे तुला माहीत आहे. (डिझाइन म्हणजे दुरुस्ती नव्हे. तू दोन वेळा तिला तुझ्या पिकपचा आवाज ऐकवायला घेऊन गेलास, ती लाजेने काही बोलली नाही.) गाडी दिसावी कशी, बसावं कसं, दार कुठे उघडावं, हे ती कागदावर काढते. हे तिचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट असा की घरच्या माणसांसाठी छोटी गाडी काढायची, लांबी चार मीटरच्या आत आणि माणसं सात. तुझ्या-माझ्यासारख्याला यात काही अवघड वाटणार नाही, आपण एका स्कूटरवर चौघं लेण्याद्रीला गेलेलो आहोत. पण तिथे सगळ्यांनी पट्टा लावून बसायचं असतं. बाहेरून मोठ्या कंपन्यांची माणसं येऊन हे प्रोजेक्ट तपासतात. त्यांना पसंत पडलं तर पोरीला चाकणला डिझाइनच्या खात्यात घेणार आहेत. नाही पडलं तर एक वर्ष पुन्हा. ते एक वर्ष तिला नको आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही नको आहे. महिनाभर ती याच कामासाठी घरी आहे आणि रात्रीची जेवत नव्हती, आणि ती जेवली नाही की ताजबी मला वाढत नाही.

तिने काढलेलं पहिलं चित्र मी पाहिलं. दिसायला झकास, पण गाडीचं छप्पर पुढून मागे असं उतरत गेलेलं, की शेवटच्या रांगेत बसणाऱ्याने डोकं घरी ठेवून यावं. खिडक्याही मागे जाता जाता निमुळत्या होत गेलेल्या. आणि पुढचे दिवे असे बारीक, रोखलेले, जसं काही गाडी कोणाशी भांडूनच निघालीय. मी म्हटलं, बेटा, घरची गाडी आहे, आत पोरंबाळं, म्हातारी माणसं, तिने समोरच्याकडे इतकं रागाने कशाला बघायचं? ती म्हणाली, अब्बा, सध्या असंच चालतं. (तीस वर्षं गाड्यांच्या सीट शिवतोय, पण मला कोण विचारतो.) मग तिच्या सरांनी माझ्या मनातलंच विचारलं, फक्त इंग्रजीत. चित्र छान आहे, म्हणाले, पण मागे बसणार कोण? खऱ्या मापाचा नमुना कर, त्यात खरी माणसं बसव, ती काय म्हणतात ते लिहून आण, नाहीतर तपासणीला उभीच राहू नकोस.

तिच्या कॉलेजात असे नमुने मातीचे करतात म्हणे. माती खास, बाहेरून मागवलेली. आपल्याकडे माती रग्गड, पण ती पावसाने वाहून जाते, म्हणून मी माझ्या पद्धतीने केलं. चौकोनी पाइपाचा सांगाडा, त्यावर प्लायवूड, आणि वरून चंदेरी रेक्झिन, शिवण आतल्या बाजूला. भंगारातली चार चाकं, आत तीन रांगा खऱ्या सीटच्या, दारं बिजागरीवर. स्टिअरिंग खरं, हॉर्न पुठ्ठ्यावर रंगवलेला. इंजिनाच्या जागी पोकळी होती, तिथे मी जेवणाचा डबा ठेवायचो, सावलीत राहतो. दुकानात ते धूड मावेना, म्हणून गुरुवारी सकाळी आम्ही ते ढकलत रस्त्याच्या कडेला आणलं. आता माझ्या दुकानापासून पन्नास पावलांवर जुन्नरच्या प्रवासी जीप थांबतात, हा काही माझा गुन्हा नाही. जीप आधी तिथे आल्या की माझं दुकान, हे ग्रामपंचायतीत विचार.

उन्हात ती गाडी अशी चमकली की काय सांगू. पहिल्यांदा दोन कॉलेजच्या पोरी येऊन बसल्या. मग दर्शनाला निघालेलं एक नवं जोडपं. मग टोमॅटोवाला भिमाजी, दोन क्रेट घेऊन. आणि सगळ्यात मागे, तिसऱ्या रांगेत, तुझ्या वहिनी, म्हणजे माझ्या वहिनी, तुझी बायको. मी त्या वेळी दुकानात आत रेक्झिन कापत होतो, मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कोणीही विचारलं नाही की ड्रायव्हर कुठे आहे, कारण ड्रायव्हर चहाला गेलेला असतो. कोणीही विचारलं नाही की निघत का नाही, कारण सीट भरल्याशिवाय जीप निघत नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. सातवा माणूस बसला तरी कोणी कुरकुर केली नाही, कारण सात म्हणजे काही भरणं नव्हे. अकरा झाले की मग लोक घड्याळ बघतात. पुण्याची माणसं असती तर पाच मिनिटांत खाली उतरली असती. आपली माणसं सव्वा तास बसली, यमाजी! कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

इफरा मागच्या दाराशी वही घेऊन उभी होती. तिला वाटलं, अब्बांनी या लोकांना सगळं समजावून बसवलंय. आणि वहिनी बोलायला लागल्या. तुला तर माहीतच आहे, गाडीत बसलं की त्यांना मळमळतं, आणि मळमळलं की त्या खरं बोलतात. "ही खिडकी हाय का उंदराचं बीळ? मानूस भाईर बघंल कसा? लई गरगरतंय." इफराने लिहिलं. "पाय ठेवायला जागा न्हाई, मग बसायचं काय मांडी घालून? आन् चढताना धरायचं कशाला, ह्याच्या टकलाला?" (तो भिमाजी.) इफराने तेही लिहिलं. डबा ठेवायला कप्पा नाही, छप्पर डोक्याला लागतं, पुढच्या सीटच्या पाठीमुळे नुसती काळोखी दिसते, असं करत करत अकरा पानं भरली. शेवटी भिमाजी वैतागला, पुढे वाकून हॉर्न दाबायला गेला आणि बोट पुठ्ठ्यातून आरपार. मग त्याने खाली उतरून बॉनेट उघडलं. आत माझा डबा. वांग्याची भाजी होती. त्यानंतर काय झालं ते मी लिहीत नाही, फक्त टोमॅटो महाग असल्यामुळे मी वाचलो.

आता त्या दिवशी वहिनी इथे जीप बदलून निघाल्या होत्या भावाच्या घरी, जुन्नरला, भाचीच्या साखरपुड्याला. ओटी भरायचा पहिला मान थोरल्या आत्याचा. थोरली आत्या वारूळवाडीत रेक्झिनच्या गाडीत खिडकीवर भाषण करत बसलेली, आणि तिकडे मुहूर्त निघून चालला म्हणून धाकट्या आत्याने, कुशाबाईने, ओटी भरली. फोटोही निघाले. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं आणि यमाजी, मला खरंच वाईट वाटलं. गाडी हुकली तर दुसरी मिळते, भाचीची ओटी एकदाच असते.

पण आता पुढचं ऐक. इफराने ती अकरा पानं समोर ठेवली आणि तीन दिवस नवीन चित्र काढलं. छप्पर आता सरळ मागेपर्यंत गेलंय, शेवटी जरासं उतरतं, डोक्यावरचा पदर नीट घ्यावा तसं. खिडकीची खालची कड उतरवली, त्यामुळे तिसऱ्या रांगेतही शेतं दिसतात. चढायला खाली पायरी, दाराशी हाताला कडी, सीटच्या बाजूला डब्याचा कप्पा. आणि दिवे तिने स्वतःहून गोल आणि मोठे केले, मी एक शब्द बोललो नाही. गंमत म्हणजे गाडी आधीपेक्षा देखणी झाली. आधी ती दुसऱ्या दहा गाड्यांसारखी दिसायची, आता ओळखू येते. मी रात्रंदिवस बसून नमुना तसा बदलला. सरांनी फोटो पाहिले, मग फोन केला, आणि विचारलं की ही खिडकी कोणाला सुचली. पोरगी म्हणाली, म्हाळसाकाकूंना. माझं नाव नाही घेतलं. असो, मी मनाला लावून घेतलेलं नाही.

काळजी घे. गुडघ्याला तेल लाव. ताजबी वहिनींची आठवण काढते, रोज, माझ्याकडे बघून.

तुझाच,
पीरमहंमद

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. तपासणारी माणसं येत्या रविवारी अकरा वाजता इथे वारूळवाडीत येणार आहेत, नमुना बघायला. चौघं आहेत. त्यांनी सांगितलंय की तिसऱ्या रांगेतल्या बाईंना भेटायचं आहे, त्या बसून सांगतील ते आम्ही ऐकू. इफराने हो म्हटलंय. दुसऱ्या कोणाला बसवता येईल का, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, अब्बा, मग ते खोटं होईल. तेवढं वहिनींच्या कानावर घाल. मूड बघून.

ता. क. दुसरा. हे पत्र ताजबीने वाचलं. म्हणाली, एवढं लांबण लावलंत, त्यात खरं वाक्य कुठे आहे? ते लिहिल्याशिवाय पाकीट चिकटवायचं नाही. म्हणून लिहितो. मी आत रेक्झिन कापत नव्हतो. मी बाहेर उभा होतो. वहिनींनी लांबूनच मला विचारलं, "भाऊ, जुन्नर का?" आणि मी म्हटलं, "बसा वहिनी, भरली की निघतीय." कोणी पोक्त माणसाने मागच्या रांगेत बसावं म्हणून पोरगी सकाळपासून वाट बघत होती, तिचा चेहरा मला बघवत नव्हता. वाटलं, पाच मिनिटं बसवू, मग हसून सांगू. पण वहिनी बोलत गेल्या, पोरगी लिहीत गेली, तिचा चेहरा उजळत गेला, आणि मी घड्याळ बघूनही गप्प राहिलो. साखरपुडा आहे हे मला ठाऊक होतं. त्यांच्या हातात ओटीची पिशवी होती.

हे इफराला माहीत नाही. वहिनींना मात्र सगळं माहीत आहे, आणि ज्या अर्थी तू अजून काठी घेऊन इथे आलेला नाहीस, त्या अर्थी त्यांनी तुलाही सांगितलेलं नाही. पोरीसाठी झाकून ठेवलंय त्यांनी, दुसरं काय. म्हणून मला आशा आहे. रविवारी आठ वाजता मी तुमच्या दारात येतो, आधी माफी मागायला, न्यायला नंतर. वहिनी नाही म्हणाल्या तर एक शब्द न बोलता परत जाईन आणि इफराला खरं काय ते सांगेन. आणि हो म्हणाल्या तरी सांगेनच.