सुनावणीची तिसरी खुर्ची

१० जून, मंगळवार
अकोल्याहून आत्ता आली. पाय सुजले.
आरटीईच्या मोफत प्रवेशात ज्या लेकरायचं नाव कापलं, त्यायच्या मायबापाचं ऐकायले तीन माणसांची समिती केली. एक साहेब, एक सूर्यभान गुरुजी — रिटायर — अन् पालकांमधून मी. चौथी पास! मोठ्या नातवाच्या शाळेत मीटिंगले लय बोलते, म्हणून माह्यं नाव टाकलं असन. खुर्ची दिली की तोंड बंद होते, असं वाटलं असन त्यायले. माह्यं नाही होत.
शिकवायले सीमा मॅडम. तिशीची पोरगी, पण आवाज पक्का. तिनं खोटी सुनावणी लावली. मी झाली पोराचं नाव कापलेली बाई, गुरुजी समितीत. मी तोंड उघडलं की गुरुजी मधात — "बरं बरं, समजलं!" मॅडम म्हणे, "गुरुजी, काय समजलं?" सगळे हासले.
मग मले त्या खुर्चीवर बसवलं. मी तं गुरुजीपेक्षाही लवकर मधात बोलली.

११ जून
पुन्हा अकोला. मॅडम म्हणे, प्रकरणाशी आपला संबंध असला तं सुनावणी सुरू व्हायच्या आधी सांगायचं अन् उठून जायचं. चार चार वेळा सांगितलं. यात शिकवायसारखं काय हाये? आमची भावकी समोर आली तं मी तशीही तिचं तोंड पाहात नाही.
जेवणात वांगं कच्चं.

१७ जून
सून ज्योत्स्ना शाळेत जाऊन यादी पाहून आली. आमची नात चिमी वेटिंगमधी पहिली! पियुष नावाच्या पोराचं नाव पडताळणीत कापलं. त्याच्या बापानं अपील केलं. ते अपील पडलं की चिमी आत.
धर्मेंद्र जेवता जेवता मनला, "आई, मी तुले काही सांगून नाही राहिलो. पण समितीत तूच हायेस ना?"
म्हटलं, "सांगूनच तं राहिला, बैला!"
सून खाली मान घालून वाढत होती. पोराची आई मीही होती. तिचं मले समजते. समजते म्हणून काय झालं.

१९ जून
उद्या सुनावणी. ज्योत्स्नानं पुरणपोळी केली. सण कोणता, मी विचारलं नाही.

२० जून, शुक्रवार
पियुषचा बाप गजेंद्र, ऑटो चालवते. रेशन कार्ड, लाइट बिल, घरभाड्याचा कागद — सगळं पिशवीत घेऊन आला.
फॉर्म भरला राजापेठेतल्या एका दुकानात. कम्प्युटरच्या नकाशावर घर जिथं असन तिथं खुणेचा फुगा ठेवा लागते. दुकानवाल्यानं ठेवला आपल्याच दुकानावर! दिवसभरात जो आला त्याचं घर त्याच्या दुकानात! पडताळणीवाले मनले, पत्ता जुळत नाही, खोटा हाये. कापलं नाव.
गुरुजी लागले मधात बोलायले. म्हटलं, "गुरुजी, थांबा. अकोला आठवा."
मग गजेंद्रले म्हटलं, "बाबू, कागद ठेव बाजूले. घरून शाळेत पोरगं पायी कसं जाईन ते सांग."
त्यानं सांगितलं. दूध डेअरी, मग नाल्यावरचा पूल, मग पिठाची गिरणी, की आलीच शाळा. दहा मिनिटं. डोळे झाकून सांगितलं त्यानं. खोट्या माणसाले एवढी गिरणी नाही आठवत.
साहेब मनला, नियम म्हणजे नियम, अपील फेटाळा. गुरुजी म्हणे, पोराले घ्या. राहिली मी. चिमी डोळ्यापुढं आली — खोटं कशाले लिहू? तिचा नवा डबाही आला. दोघंही माह्याकडे पाहून राहिले.
म्हटलं, "पत्ता खरा हाये, फुगा चुकला. पोराले घ्या."
दोन विरुद्ध एक. गजेंद्र पाया पडाले लागला. उठवला त्याले.
घरी येऊन सांगितलं. ज्योत्स्नानं ताट आपटलं, पण वाढलं. धर्मेंद्र ताट घेऊन बाहेर जाऊन बसला. मी मात्र आज ताठ बसून जेवली.

२५ जून
सून अजून बोलत नाही. बरं हाये, घर शांत हाये.

४ जुलै
सीमा मॅडमनं नव्या लोकायच्या ट्रेनिंगले बोलावलं होतं — अनुभव सांगा म्हणे. मी सगळं सांगितलं. चिमीचंही. टाळ्या वाजल्या! मॅडमनं नाही वाजवल्या.
बाजूले घेऊन मनली, "काकू, तुमची नात यादीत आहे, हे सुनावणीआधी सांगितलं होतं?"
"कशाले सांगू? निकाल तं माह्याच नातीच्या विरुद्ध दिला!"
"आणि तिच्या बाजूनं दिला असता, तर तो नातीसाठी दिला हे साहेबांना कसं कळलं असतं?"
मी आपली पिशवी उचलली.
"काकू, संबंध म्हणजे फक्त नातं नाही. तुमच्या घरचं काही त्या निकालात अडकलं होतं, तर तुम्ही तिथं बसायलाच नको होतं. निकाल कोणताही दिला तरी. आता मला हे वर कळवावं लागेल."
मूर्तिजापूरपर्यंत तिले मनात शिव्या दिल्या. मूर्तिजापूरच्या पुढं शिव्या सुचेनात.

९ जुलै
निकाल रद्द. सुनावणी पुन्हा होईन, माह्या जागी दुसरं माणूस. तोवर पियुषले वर्गात बसू देत नाहीत.
गजेंद्र आला होता. पोरगं ऑटोत, गणवेश घालून.
मनला, "आजी, तुमी तं आमच्या बाजूनं होत्या ना?"