बागासच्या गाडीचा गंज

जेपारा, सोमवार

प्रिय विनार्ती,

तुझा निरोप येऊन दोन महिने झाले. उत्तर दिलं नाही, हे मी विसरलेलो नाही. पण आधी गाडीबद्दल लिहितो, म्हणजे बाकीचं लिहायला हात वळेल.

आपला बागास गेल्यापासून एकोणीस महिने गाडी फणसाखालीच उभी होती. डेंग्यूचा पाचवा दिवस उलटला, आम्ही त्याला दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं, आणि त्यानंतर गाडीला कोणी हात लावला नाही. तू छोट्या किनासिहला घेऊन सालातिगाला माहेरी गेलीस. मी रोज गाडीच्या बाजूने नळावर जायचो आणि बघायचो नाही. मागच्या महिन्यात मात्र टपावर फणस पडला, म्हणून ओला फडका घेऊन गेलो. बॉनेटवर दहा-बारा ठिकाणी रंगाचे टवके उडालेले. ते जुनेच. बागास सागाच्या ट्रकमागे गाडी दामटायचा, खडे उडायचे आणि तू शेजारी बसून त्याला बोलायचीस. आता प्रत्येक टवक्यात तांबूस ठिपका होता, आणि मागच्या चाकावरच्या पत्र्याला तळहाताएवढा गंज. समुद्राचं वारं खारं, दुसरं काय होणार.

मी चाळीस वर्षं लाकडाला पॉलिश केलं. पत्र्यातलं मला काही कळत नाही. पण घासणं कळतं. म्हणून लानीबाईच्या रंगाच्या दुकानात जाऊन रुपेरी रंग मागितला.

“कुठला रुपेरी, काका?”

“रुपेरी म्हणजे रुपेरी.”

“माझ्याकडे अठरा आहेत. ड्रायव्हरचं दार उघडा, आतल्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावरचा नंबर आणा. नजरेचं काम नाही हे.”

नजरेने रंग जुळवणारा म्हणून अख्ख्या गावात माझं नाव होतं. मी गुपचूप घरी आलो आणि दार उघडलं. बागासच्या लवंगी सिगरेटचा वास येईल असं वाटलं होतं. आला नाही. नुसता बंद गाडीचा कोंदट वास. सीटखाली किनासिहची एक चप्पल होती, आता तिला लहान होईल. मी नंबर कागदावर उतरवून घेतला, दार लावलं आणि जेवायला गेलो. जेवण नेहमीसारखंच गेलं.

तुला खरं सांगायचं तर एकोणीस महिने माझं असंच चाललंय. लोक येतात, रडतात, मी त्यांना पाणी देतो.

गंज घासताना धाकधूक असते, कारण तो आतपर्यंत गेला असला तर पत्र्याला भोकच पडतं. जपून घासत गेलो. वरवरचाच निघाला, खाली पत्रा लख्ख होता. त्यावर गंजाचं औषध लावलं, मग अस्तर दिलं. रंग देताना मात्र चुकलो. लाकडावर चढवतो तसा एकदम भरून दिला, तर त्याचे ओघळ आले. लानीबाईला सांगितलं तर हसली. “काका, लाकूड रंग पितं, पत्रा पीत नाही. थेंबाथेंबाने द्या आणि गप घरात जाऊन बसा.” सगळा काढून परत सुरुवात केली. बांबूची काडी टोकदार करून एकेक टवका भरला. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, दुसरा द्यायचा. शेवटी पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश कागदाने कडा घासून सपाट केल्या. बारा दिवस गेले. घाई कसलीच नव्हती.

तुझ्या सासूबाई इतके दिवस अंगणाच्या त्या बाजूला फिरकत नव्हत्या. कपडेसुद्धा मागे वाळत घालायच्या. अकराव्या दिवशी चहा घेऊन आल्या आणि डाव्या दाराजवळ थांबल्या. किनासिहच्या जन्माच्या वेळी तुला दवाखान्यात न्यायच्या गडबडीत बागासने फाटकाच्या खांबाला दार घासलं होतं, तिथे.

“हे का सोडलंत?”

“राहू दे म्हटलं.”

“का म्हणून? दुसऱ्यांच्या दारात जाणार ना गाडी? मग अर्धवट काम करून पाठवू नका.”

गाडी कुठे जाणार हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. विचारलं, तुला कोण म्हणालं?

“म्हणायला कशाला हवं? त्या पोरीला धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही, आणि इकडे दिवसभर गाडी घासताय.”

मग त्या फणसाखालच्या बाकावर बसल्या आणि माझं होईपर्यंत उठल्या नाहीत. तिथे दाराला पडलेला पोचा काढणं मला जमत नाही, तो तसाच आहे. ओरखडा मात्र भरला.

आता तुझ्या निरोपाचं. ईदनंतर तुझे मामा आले, म्हणाले, प्रसोजो नावाचे शिक्षक आहेत, त्यांनी मागणी घातली आहे, पण बागासच्या घरून होकार आल्याशिवाय विनार्ती तारीख धरत नाही. मी ‘बघू’ म्हणालो. नंतर तुझा फोन आला तेव्हा ‘एवढ्यात?’ एवढंच बोललो. तू माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस. माझा तो शब्द वाईट होता. तुझ्यामुळे तारीख धरणं दोनदा लांबलं असं मामा म्हणतात, पण ते माझ्यामुळे लांबलं. तुला आमची परवानगी लागत नव्हती, तरी तू मागितलीस. तर माझं उत्तर हो आहे. तारीख धर. गाडीचे कागद तुझ्या नावावर केलेत, किनासिहला शाळेत सोडायला होईल. प्रसोजोंनी खुशाल चालवावी. मी स्वतः घेऊन येतो, परतताना आम्ही दोघं बसने येऊ. लग्नात आम्हाला कुठे बसवायचं याचा तुमच्याकडे घोळ होईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. आम्हाला मुलीकडच्यांत बसवा.

तुझाच,
बाबा