बिनसाखरेच्या बाटल्या

३ मार्च, सकाळ
आजपासून बिनसाखरेचं जगायचं. रोपांनीही आणि मीही.
लॅबमध्ये ऑर्किडची पिल्लं काचेच्या बाटलीत, साखर घातलेल्या जेलीवर वाढतात. आयतं मिळतं, म्हणून पानं फोटोसिंथेसिसचा कंटाळा करतात. साखर काढली, उजेड वाढवला की झक मारत स्वतः कमावतील. जपानच्या मोरिकावाबाई २८ला बघायला येणार. पसंत पडलं तर तिकडे चिबाला, त्यांच्या लॅबमध्ये नोकरी. आईची लॅब, आईच्या घरातली वरची खोली, आईचा डबा, सगळ्यातून चाळिसाव्या वर्षी सुटका. आई सोडणार नाही, हा भाग वेगळा. तिचा जीव माझ्यात अडकलाय.

४ मार्च
डबा नाकारला. आई म्हणाली, बरं. आतून कोसळली असणार.

७ मार्च
झाकणं घट्ट आवळली, वर टेपचे वेढे. बुरशीची काय बिशाद! आई मागून म्हणाली, "अरे आ-युआन, हवा कुठून जायची?" लॅब तिची असली तरी थिअरी माझी आहे. लक्ष दिलं नाही.

११ मार्च, दुपार
तैवानात, त्यातून आमच्या ताइनानमध्ये, बिनसाखरेचं काही मिळत नाही. माशाच्या पेजेवरचा सॉससुद्धा गोड. उकडलेली अंडी खाल्ली. परत अंडी. चिबाला गेल्यावर नीट जेवू.

१४ मार्च
एक किरकोळ गोष्ट. रोपांच्या विजेच्या कपाटावरचं हिरवं पाकीट खाल्लं. मशीनवर खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं की मशीन शहाण्यासारखं वागतं, आणि ते खायचं नसतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण मी विज्ञानाचा माणूस. शिवाय भूक. गोड होतं, पण प्रसादाची साखर कोणी धरत नाही. रिकाम्या पाकिटात फुंकर मारली, टेप लावली, परत ठेवलं.

१७ मार्च
पानं पिवळी. कपाटातला दिवाही लुकलुकतोय. पाकिटाचा काही संबंध नाही. तरी हात जोडले.

१९ मार्च
आणखी पिवळी. झोप नाही. इथेच म्हातारा होणार, आणि आई रोज विचारणार, भात घेतोस का. जीव गुदमरतो. रोपं सवयीला लागताहेत, एवढंच. धीर धरायचा.

२१ मार्च, सकाळ
सगळी हिरवीगार! एका रात्रीत! फोटोसिंथेसिस जागं झालं. पाकीटही चांगलं टरटरीत दिसतंय, माझी फुंकर दमदार. आईला बातमी दिली. तिने मान हलवली आणि भाजी चिरत राहिली. विरहाची तयारी.

२८ मार्च
मोरिकावाबाई आल्या. रोपं फार सुंदर आहेत, असं दोनदा म्हणाल्या. मग पर्समधून नळीसारखं यंत्र काढलं, जेलीचं पाणी त्यावर टाकलं, डोळ्याला लावलं. यंत्र पुसून परत पर्समध्ये ठेवलं. शेवटी वाकून म्हणाल्या, "गोड आहे." चहासुद्धा न घेता गेल्या.

२८ मार्च, संध्याकाळ
आईला जाब विचारला. म्हणाली, जुन्या तारखेचं पाकीट बदलायला उचललं तर नुसती हवा. तेव्हाच कळलं, पोरगाही उपाशी आणि रोपंही. साखर काढलीस ती काढलीस, वर हवाही बंद केलीस, मग त्यांनी खायचं काय? शेजारच्या फळीवरच्या साखरेच्या बाटल्या त्यांच्या जागी ठेवल्या, तुझ्या चिठ्ठ्या चिकटवून.
मी म्हटलं, मला अडकवून ठेवायचं होतं ना तुला?
आईने पळी खाली ठेवली. म्हणाली, "अडकवून? अरे, ती बाई तुला एकदाची घेऊन जाईल म्हणून केलं हे सगळं. वरच्या खोलीला भाडेकरूसुद्धा बघून ठेवला होता."
फार लागलं. मग तिने पेज वाढली. तीन वाडगे खाल्ले.

२९ मार्च, सकाळ
आई लॅबला गेली. ओट्यावर डबा नाही. मागावा का, ठरत नाही.