काळ्या भिंतीवरचे बाबा

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि बेकरीची भट्टी, दोन्ही कुरकुर न करता चालत असतील अशी आशा आहे. इकडे सगळे बरे आहेत. फक्त बाबांचा एक सदरा कामातून गेला. त्याचं असं झालं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी धुराने काळी पडलेली लांबलचक भिंत आहे ना, तिच्यावर एका चित्रकार बाईंनी रंगाचा थेंबही न वापरता पाखरांचा थवा केला. ओल्या चिंध्यांनी काजळी पुसत गेल्या आणि खालच्या पांढऱ्या भिंतीतून पाखरं बाहेर आली. मामा, मी बघतच राहिले. काही न घालता, नुसतं दूर करून इतकं सुंदर होऊ शकतं, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. घरी मी जेवणं थांबवून यावर भाषण दिलं (पहिली पदवीधर म्हणून मला तेवढी सूट आहे) आणि रविवारी सगळ्या गल्लीला चित्र दाखवायचं, बाईंनाही बोलवायचं, असं ठरवून टाकलं. आईने, म्हणजे तुमच्या ताईने, एवढंच विचारलं, "मग बाकीची भिंत कोण पुसणार?" मला वाटलं, थट्टा करतेय.

रविवारी लोक यायच्या आत आईने बादली, खराटा आणि बाबांना घेऊन भिंत गाठली. बिचाऱ्या बाईंचा हात पुरला नाही, चारचौघांत अर्धवट काम दिसायला नको, इतकाच तिचा हेतू. मी पोचले तेव्हा पाखरं नाहीशी झाली होती. पांढऱ्यावर पांढरं कुठून दिसणार? बाबा मात्र भिंतीला टेकून उभ्याउभ्या डुलकी काढत होते, आणि आई त्यांच्या कडेकडेने घासत गेली होती. ("उठवलं असतं तर कटकट केली असती.") बाबा बाजूला झाले, तरी भिंतीवर उरलेच: काळेभोर, एक खांदा उतरलेला, मान कलंडलेली, कान बाहेर.

तेवढ्यात बाई आल्या. मला रडू फुटायचं बाकी होतं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि आईला म्हणाल्या, "मावशी, आता थांबा. एवढं राहू दे." मग मीही नीट बघितलं. मामा, बाबा इतके दमतात, हे मला घरात कधी दिसलं नव्हतं.

तुमची भाची

ता. क. बाईंना पाखरांसाठी दुसरी काळी भिंत हवी आहे. तुमच्या बेकरीच्या धुराड्यामागची मी देऊन टाकली आहे. कृपया चुना लावू नका.

आणखी एक. आई मदतीला येणार म्हणते. खराटे लपवा. बाबांना अजून का पुसलं नाही, असं विचारलं की म्हणते, साबण संपलाय. (कपाटात अख्खी वडी आहे.)