बकरीने खाल्लेलं गाव

तळोदा,
५ फेब्रुवारी १९३८

प्रिय गिरधर,

तुझं पत्र परवाच्या टपालाने मिळालं. माय बरी आहे, कापूस बऱ्यापैकी उतरला, पांढऱ्या घोडीला शिंगरू झालं, हे वाचून बरं वाटलं. शेवटी तू लिहिलंस की चैत्रात मामाच्या गावच्या यात्रेत तुझी भिल्लाची नक्कल ठेवली आहे, जुना माल लोकांना तोंडपाठ झाला आहे, तेव्हा ‘वाहऱ्याची अजून काही गंमत असेल तर कळव.’ गंमत आहे. पण ती जरा लांबलचक आहे. मी पडलो मास्तर, मला मधूनच काही सांगता येत नाही, तेव्हा सुरुवातीपासून ऐकून घे.

सारंगखेड्याच्या यात्रेत यंदा एका सौदागराचा घोडा चोरीला गेला आणि एका भिल्लाला पकडलं, एवढं तू ऐकलं असशीलच. तुमच्या गावात तेवढंच बोललं गेलं असणार. त्या भिल्लाचं नाव करणसिंग. माझा धाकटा भाऊ. तू आमच्याकडे आला होतास तेव्हा तुझ्यासाठी खेकडे पकडायला नाल्यात उतरला आणि कमरेपर्यंत चिखल घेऊन वर आला, तोच. यात्रा उठली त्याच्या आदल्या दिवसापासून तो कच्च्या कैदेत आहे. तो आणि बा दोघं यात्रेत घोड्यांच्या चाऱ्याचे भारे वाहायला गेले होते. काम संपल्यावर दुपारीच ते घराकडे निघाले. घोडा गेला दिवस बुडताना. दुसऱ्या दिवशी पोलीस आमच्या पाड्यावर आले आणि करणसिंगला घेऊन गेले. त्यालाच का, असं मी विचारलं, तर जमादार म्हणाला, मास्तर, तुम्ही शिकलेले, तुम्हाला काय सांगायचं, चोरी झाली की डोंगराकडेच यावं लागतं. गंमत म्हणजे हाच जमादार वाटेत माझ्याजवळ आमच्या लोकांची तारीफ करत होता. भिल्ल कधी खोटं बोलत नाही म्हणे, लहान लेकरासारखा असतो. आम्ही पावरा, हे मी त्याला सांगितलं नाही. तुम्हा सपाटीवरच्या लोकांना भिल्ल, पावरा, कोकणा सगळं एकच, आणि दर वेळी ते समजावत बसायचा मला आता कंटाळा येतो.

आता थोडं मागचं. तुला ती दिवाळीची सुट्टी आठवते का? मास्तरकीचं ट्रेनिंग संपलं त्या वर्षी तू हट्टाने माझ्याबरोबर डोंगरात आलास. बा आपल्याला घ्यायला खाली आला होता. पहिल्याच चढावर तुझा जीव वर-खाली व्हायला लागला आणि तू दर वळणावर मला विचारायला लागलास, अजून किती? बाने सागाची कोवळी डहाळी मोडली आणि तुझ्या हातात दिली. मी तुला मराठीत सांगितलं, ही मान टाकेल तेव्हा गाव येईल. आमच्यात लांबचं अंतर असंच सांगतात. तू ती डहाळी सगळी वाट जपून धरलीस, दर थोड्या वेळाने तिच्याकडे बघत होतास, आणि माझी आई अंगणात दिसली तेव्हा तिची पानं खरोखरच लोंबत होती. तू आनंदाने ओरडलास. बाच्या खांद्यावर हात टाकून नाचलास. डहाळी टोपीत खोचून रात्रभर मिरवलीस. तुझ्यासारखा पाहुणा आमच्या पाड्यावर त्यानंतर आला नाही, हे मी तोंडदेखलं म्हणत नाही.

परत गेल्यावर तू ते मायला सांगितलंस. मी तेव्हा तुमच्या ओसरीवर बसलो होतो. तुझी भिकुमाय माझं ताट वेगळं ठेवायची, पण भरतावर तेल आणि खिचडीवर तूप तुझ्यापेक्षा मलाच जास्त वाढायची, त्या दिवसांतली गोष्ट. तेव्हा तू ते जसं घडलं तसंच सांगितलंस आणि माय गालाला हात लावून म्हणाली, काय हुशार मानूस शे! पुढच्या वर्षी गणपतीच्या मेळ्यात तू त्याची नक्कल केलीस. त्यात बकरी आली. रावसाहेब विचारतो, भिल्लोबा, तुझं गाव किती लांब? भिल्ल डहाळी मोडतो आणि चालायला लागतो. मागून बकरी येते आणि पानं खाऊन टाकते. भिल्ल तिथेच बसून गळा काढतो, ‘रावसाहेब, बकरीनी मन्हं गाव खाई टाकं!’ मी पुढच्याच रांगेत होतो आणि पोट दुखेपर्यंत हसलो. बकरी झकास होती. अजूनही म्हणतो, झकास होती.

त्याच्या पुढच्या वर्षी तो भिल्ल दारू पिऊन यायला लागला. मग त्याची लंगोटी सुटायला लागली. मग तो कोंबडी चोरायला लागला, कारण तुझ्याच शब्दांत, त्याशिवाय भिल्ल पुरा होत नाही. बकरीचं ते वाक्य सोडलं तर तो जी बोली बोलतो ती मी आजवर कुठेही ऐकलेली नाही. ती ना आमची, ना तुमची अहिराणी. आणि आधी त्याला भुऱ्या म्हणायचास, तो कधीतरी माझ्या बाच्या नावावरून वाहऱ्या झाला. मी तुला त्याबद्दल एकदा विचारलं होतं, तर तू माझ्या पाठीत थाप मारून म्हणालास, अरे, प्रेमाने घेतो नाव, वाहरूबा आपलाच माणूस शे. तुझं प्रेम खोटं नव्हतं. म्हणून तर मला पुढे काही बोलता येईना. लग्नसराईत, मेळ्यात, यात्रेत, ती नक्कल पाहिली नाही असं गाव राहिलं नाही. माझ्या शाळेतल्या पोरांनाही ती येते. फळ्याकडे तोंड केलं की मागून बकरीचा आवाज येतो, आणि मी ऐकलं नाही असं दाखवतो.

आता कचेरीची गोष्ट. कचेरी कोणती ते लिहीत नाही, तिथल्या लोकांचा काही खास दोष नाही. गेल्या महिन्यात बाची साक्ष होती. करणसिंगच्या बाजूने तेवढा एकच साक्षीदार. दिवस बुडताना पोरगा कुठे होता हे सांगणारं दुसरं कोणी नाही. बाने माझा जुना सदरा घातला होता. शिपायाने पुकारा केला, वाहरू हाजिर है! आणि बाकांवर कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कोणी. बाला वाटलं आपला सदरा उलटा झाला, म्हणून तो खाली बघून गुंड्या चाचपायला लागला.

दुभाषा म्हणून मला उभं राहू दिलं नाही, मी आरोपीचा भाऊ. कचेरीतल्या एका पट्टेवाल्याला उभं केलं. त्याला भिल्लांची बोली थोडीफार येत होती, आमची येत नव्हती, पण मॅजिस्ट्रेटसाहेब म्हणाले, सारखंच असेल. साहेब वाईट नाहीत. देशावरचे आहेत, नवे आहेत, शांतपणे विचारत होते. त्यांनी विचारलं, दिवस बुडाला तेव्हा तुम्ही बापलेक यात्रेपासून किती लांब होता? बाने सरळ उत्तर दिलं. निघताना डहाळी मोडून घेतली होती, दिवस बुडायच्या आधीच ती सुकून गेली होती, इतके लांब. पट्टेवाल्याने तेच जमेल तसं मराठीत म्हटलं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मागच्या बाकावरून बकरी ओरडली.

गिरधर, अख्खी कचेरी हसली. वकील हसले, सौदागर हसला, करणसिंगला धरून उभा असलेला शिपाई हसला. तुझं वाक्य तीन-चार जणांनी एकदम म्हटलं, अगदी तुझ्या चालीवर. नव्या साहेबांना कळेना, तर कारकुनाने वाकून त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि मग साहेबांनीही रुमाल तोंडाला लावला. लगेच त्यांनी टेबलावर हात आपटून सगळ्यांना गप्प केलं, तेही लिहितो. पण बा तोवर थांबला होता. त्याने करणसिंगकडे पाहिलं, मग माझ्याकडे. साहेबांनी पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. बाने तोंड उघडलं नाही. शेवटी, साक्षीदार समजण्याजोगं बोलत नाही, असं काहीसं लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली. बाला त्या दिवशी आणखी एकदा विचारणार आहेत. तेव्हाही तो गप्प राहिला तर करणसिंग तुरुंगात जाईल, असं आमचा वकील म्हणतो.

परतीच्या वाटेवर बाने मला विचारलं, ते का हसले? मी म्हटलं, तुझी बोली त्यांना नवी आहे म्हणून. तो म्हणाला, नवीन असतं तर एकाने तरी कान दिला असता. हे त्यांनी आधी ऐकलेलं होतं. मी मान खाली घालून चालत राहिलो. मला राग आला होता. तुझ्यावर आला होता, आणि तो असा आडून न लिहिता सरळच लिहितो. घरी आईने करणसिंगसाठी बांधलेली भाकरी तशीच परत आली होती, कारण हसण्याच्या त्या गोंधळात ती त्याच्या हातात द्यायचं माझ्याकडून राहून गेलं. तिने ती कोंबड्यांना घातली.

मी बाला पुष्कळ समजावलं. म्हटलं, कोस सांग. चार कोस म्हण, पाच म्हण, म्हणजे कोणी हसणार नाही. तो म्हणाला, कोस मी मोजले नाहीत, देवाची शपथ घालून विचारतात आणि मी न मोजलेलं सांगू? मग मी चिडून बोललो, तर तो उठून बैलांकडे गेला. तेव्हापासून त्याचं एकच आहे, मी तिथे पुन्हा बोलणार नाही.

एक आठवण लिहितो, ती तुला टोचायची म्हणून नाही. ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षी तू पाठ देताना फळ्याकडे बोट दाखवून ‘हे त्रिकोण शे’ असं घरच्या अहिराणीत म्हणालास आणि वर्ग हसून कोसळला. मग त्या पुण्याकडच्या पोरांनी तुझं नाव शेशेराव ठेवलं. जेवताना, निजताना, शेशेराव मीठ शे का, शेशेराव दिवा शे का. दोष त्यांचाही फार नव्हता, त्यांना ते गोडच वाटायचं. तू वर्गात बोलायचा बंद झालास आणि एका संध्याकाळी वळकटी बांधून विहिरीच्या काठावर जाऊन बसलास. मी शेजारी बसलो. मी म्हटलं, चेष्टा करतात, सोड. तू म्हणालास, त्या माले नही हसतस रे, मन्ही मायले हसतस. मला ते तेव्हा नीटसं कळलं नव्हतं. मी तुझी वळकटी उचलून खोलीत नेली, एवढंच.

तर तुझ्या पत्राचं उत्तर. वाहऱ्याची नवी गंमत अशी. गेल्या रविवारी मी पाड्यावर गेलो होतो. बा शेकोटीपाशी बसला होता. आपणहून म्हणाला, खालच्या लोकांत डहाळीचं समजणारा एकच माणूस आहे, तुझा दोस्त. त्याने ती स्वतः हातात धरली होती, सगळी वाट चालला होता, ती सुकल्यावर माझ्या खांद्यावर हात टाकून नाचला होता. त्याला बोलाव. तो समोर बसला तर मी त्याच्याकडे बघून बोलेन, बाकीचे हसू देत. मी त्याला तुझ्या नकलेचं काही सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. तारीख महाशिवरात्रीनंतरच्या सोमवारी आहे. तू ये. सगळ्यात पुढच्या बाकावर बस. तू आत आलास की लोक तुझ्या तोंडाकडे बघतील, हसायचं की नाही ते तुझ्यावरून ठरवतील; त्यांना ती सवय तूच लावली आहेस. बा डहाळीचं बोलायला लागेल. तो पुरतं बोलेपर्यंत तू हसू नकोस. माझं एवढंच मागणं आहे. बाने त्या दिवसासाठी सदरा धुऊन ठेवला आहे आणि आईला रोज विचारतो, गिरधरचं काही आलं का.

तुझाच,
वीरसिंग