न प्यालेल्या दारूचा सत्कार

कसबा पेठ, पुणे
बुधवार

तीर्थस्वरूप हिंदुरावदादा यांस,

संभाजीचा साष्टांग नमस्कार. (लिहिण्यापुरता. खरा घातला तर उठवायला दोन माणसं लागतील.) तुमचा गुडघा, वहिनींची शुगर आणि खडकीचं पाणी ठीक असेल असं धरून चालतो. तुमची बहीण चंद्रभागा ठणठणीत आहे, म्हणजे माझ्यावर ओरडते आहे. फोनच केला असता, पण तुमचा फोन वहिनी स्पीकरवर टाकतात, आणि हा मजकूर अख्ख्या सोसायटीने ऐकावा असा नाही.

माझ्या आजाराचं नाव तुम्ही मागे दोनदा विचारून विसरलात, म्हणून पुन्हा लिहितो: मल्टिपल स्क्लेरोसिस. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर वायरीवरचं प्लॅस्टिक आपलंच शरीर कुरतडतं, मग दिवा कधी लागतो, कधी नाही. (वायरी म्हणजे नसा, दिवा म्हणजे माझा डावा पाय.) सहा महिन्यांनी एकदा दवाखान्यात सलाईनमधून औषध घ्यायचं, की कुरतडणं आवरतं. हे तुम्ही आणि चंद्रभागा सोडून कोणालाही ठाऊक नाही. खांद्यावर बांबू वाहून मी मांडवाचा आणि रोषणाईचा धंदा उभा केला. मांडववाल्याचाच तोल जातो म्हटल्यावर त्याच्या मांडवाखाली कोण बसेल? पाय लटपटतात ते पेठेला दिसतंच, आणि त्याचा अर्थ पेठेने आपला आपण लावून ठेवला आहे: पितो. पाय गेले तरी कान शाबूत असल्यामुळे हे मला पाठीमागून रोज ऐकू येतं. मी कधी खोडून काढलं नाही. दारुड्याला काम मिळतं, दादा. आजाऱ्याला नुसती केळी मिळतात.

गेल्या महिन्यात थकवा फार वाढला, तेव्हा आमच्या तेजस्विनी डॉक्टरांनी सलाईनच्या जोडीला एक औषध दिलं. नाल्ट्रेक्सोन. ते मुळात दारू सुटावी म्हणून देतात. त्याचा अगदी चिमूटभर डोस काही डॉक्टर या आजारात देऊन पाहतात. गुण येईलच असा पक्का पुरावा नाही, हे त्यांनी आधीच बजावलं. मी चिठ्ठी घेऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. मालक रतनशेठ यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "शाब्बास संभाजीराव! सोडताय तर!" मागून तुळजाबाई म्हणाल्या, "बायकोनं भोगलं हो, बायकोनं." (तुळजाबाई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, त्यामुळे बातमीला खाली उतरायला कष्ट पडत नाहीत.)

त्या दिवसापासून माझा मान वाढला. चहावाला न मागता साखर जास्त घालतो. ("सुरुवातीला गोड खावंसं वाटतं म्हणे!") त्यातच झोप बरी लागू लागली, औषधाने की मानाने ते देव जाणे, आणि मला शहाणपण सुचलं. डॉक्टरांना म्हटलं, या औषधावरच भागतंय, तर सलाईन बंद करू या. कागदावरून मान वर न करता बाई म्हणाल्या, "सलाईन हे जेवण, हे औषध म्हणजे लोणचं. लोणचं आवडलं म्हणून जेवण सोडता का? आणि लोणच्यानं पोट भरतं, असं मी कधी म्हटलं?" अशा माणसाशी वाद घालता येत नाही. दोन्ही चालू आहेत.

घोटाळा पुढेच आहे. मंडळाचे अध्यक्ष विश्वजीत घरी आले. रविवारी व्यसनमुक्तीचा कार्यक्रम, त्यात माझा सत्कार, शिवाय मी स्वानुभवावर बोलायचं. (दारूला मी शिवलेलो नाही, हे तुम्ही जाणताच. तुमच्या निवृत्तीच्या पार्टीत तुम्ही प्रेमाने भरलेला ग्लास मी कुंडीत ओतला आणि तुम्ही वर्षभर अबोला धरलात.) नाही म्हणावं तर आजार सांगावा लागतो, आणि यंदाच्या गणपतीच्या मांडवाचं काम याच अध्यक्षांच्या हातात. मी हो म्हटलं. उतरताना जिन्यात ते फोनवर कोणाला तरी सांगत होते, "मांडव त्यालाच देऊ रे, सुधारलाय. पण परत झोकांड्या खाताना दिसला, की काढला!" म्हणजे आता सुधारलेला माणूस म्हणून मला सरळ चालणं भाग आहे, आणि नेमकं तेच सलाईन, गोळी, देव यांपैकी कोणी कबूल केलेलं नाही.

वहिनींना नमस्कार सांगा, आणि हे वाचून हसलात तर कशाला हसलात ते सांगू नका.

आपला,
संभाजी

ता. क. खरं काम राहिलंच. तुम्ही वीस वर्षं प्यायलात आणि मग सोडलीत. पहिला घोट कसा लागतो, बाटली घरात कुठे लपवतात, सकाळी डोकं कोणत्या बाजूने दुखतं, हे सविस्तर कळवा. भाषणात घालीन. नाव घेणार नाही.

आणखी एक: चंद्रभागेने हे वाचलं. म्हणाली, "माझ्या दादानं सोडली तेव्हा कुणी साधा नारळ दिला नाही, आणि तुम्ही न पिता शाल घेताय!" वरचं काम रद्द समजावं.

शेवटचं: रविवारी संध्याकाळी तुम्हीच या. आजाराचं नाव मी माइकवर सांगणार आणि शाल तुमच्या खांद्यावर घालणार. मांडव गेला तर गेला. अडचण एवढीच, की मी पीत नाही यावर पेठेत कोणी विश्वास ठेवायचा नाही. तेव्हा मी माइकपासून खुर्चीपर्यंत चालून दाखवीन. तुम्ही नीट पाहायचं आणि लोकांना सांगायचं, की हे चालणं दारूचं नव्हे. या विषयात तुमच्या शब्दाला जे वजन आहे, ते डॉक्टरांच्याही नाही.