सगळ्यांचे बाबा मोहगावचे

सौंसर, ता. ९ जून २०२५

ती. श्रीकांतदादास, स्मिताचा शि. सा. न.

फोनवर रडू येतं म्हणून लिहिते. नर्स होऊन जर्मनीला जायचं म्हणून माझ्याकडे जर्मन शिकणाऱ्या मुली नागपूरला तोंडी परीक्षेत नापास झाल्या, एकजात. सरावासाठी मी स्वतःच्या घराचा परिच्छेद दिला होता. त्यांनी तोच घोकला आणि प्रत्येकीने सांगितलं की माझे बाबा मोहगावला संत्री पिकवतात. परीक्षकांनी म्हणे पेनच खाली ठेवलं. लोधीखेड्याच्या प्रणालीचे वडील येऊन म्हणाले, पोरगी वर्षभर शिकून राहिली अन् बाप मात्र तुमचाच सांगून आली.

इतकी वर्षं तेच धडे, तेच रट्टे. थकले रे. क्लास बंद करावा म्हणते. तुझ्या मेडिकलमध्ये माणूस लागतो का?

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
स्मिता

पांढुर्णा, ता. १४ जून

चि. स्मितास, अ. उ. आ.

आधी खूप हसलो. तुझ्या वहिनीने तर काउंटरवर तुझी जागाही ठरवली.

मग हसू गेलं. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, बगीचाही विकला. तुझ्या परिच्छेदात ते अजून संत्री पिकवतात. तो का बदलला नाहीस, हे विचारत नाही. मीही त्यांचा नंबर फोनमधून काढलेला नाही. पण त्या पोरींना आपापले बाप आहेत ना, बाई. क्लास बंद करायचा तर कर, आधी त्यांना पास कर.

वेळेवर जेव, आणि लोभ ठेव.

तुझा,
श्रीकांतदादा

सौंसर, ता. २९ जून

ती. दादास, शि. सा. न.

परिच्छेदाच्या झेरॉक्स फाडल्या. फाडताना रडले.

मग प्रत्येकीला वडील काय करतात ते विचारलं. प्रणालीचे वडील पंपांच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करतात. मला ते जर्मनमध्ये सांगता येईना, आणि तसं वर्गात कबूल केलं. प्रणालीने वडिलांनाच फोन लावला. हे काहून विचारून राहिली, म्हणत त्यांनी तांब्याची तार कशी गुंडाळतात ते सगळ्यांना समजावलं. आम्ही शब्द शोधत बसलो आणि क्लासची वेळ उलटून गेली.

घसा बसलाय, थकवा तसाच आहे. तरी मेडिकलसाठी दुसरं कोणी बघ. परीक्षा सप्टेंबरात आहे.

शेवटी मुलींनी मलाच विचारलं, मॅडमचे वडील काय करतात. ते वारले, असं मी सांगितलं. इतकी वर्षं जर्मन शिकवते, पण हे वाक्य त्या भाषेत कधी बोलले नव्हते.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
स्मिता